म्हैस रात्र मोजते

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा दावणीला चार पंढरपुरी म्हशी, एक खिलार गाय आणि अकरा शेळ्या होत्या. आटपाडी तालुक्यातलं कोरडवाहू गाव. पावसानं साथ दिली तर बाजरी-मटकी, नाही तर नुसती ढेकळं. घर चालायचं ते दुधावर आणि अडीनडीला बाजार दाखवलेल्या बोकडावर. त्याला तीस वर्षं होऊन गेली. आज सात म्हशी आहेत, चाळीसेक शेळ्या आहेत. पेंड आणि चारा सगळेच घालतात. पण जनावर कधी माजावर येतं, कधी फळतं आणि का उलटतं, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर का येतं, हे ज्याच्या ध्यानात येतं, त्याचाच गोठा तगतो. मला ते कळायला बरीच वर्षं लागली आणि बरंच दूध बुडालं. जे शिकले ते आठवेल तसं लिहिते आहे.

१. माजाची गोष्ट मोठ्यानं बोलायची.

पहिल्याच वर्षीची मार्गशीर्षातली पहाट. काशी नावाची म्हैस दाव्याला ओढ देत रेकत होती. धारेला बसले तर पान्हा चोरला; एरवी कासंडी भरणारी म्हैस, तांब्याभर दूध देऊन मागे सरली. माहेरी म्हशी होत्या, त्यामुळे मला लगेच उमगलं. पण सांगायचं कुणाला? सोप्यात मामा, म्हणजे माझे सासरे, चहा घेत बसले होते. एकोणीस वर्षांच्या सुनेनं सासऱ्यासमोर “म्हैस माजावर आलीय” असं म्हणायचं, ते मला जमेना. संध्याकाळी हे रानातून आल्यावर हळूच कानावर घातलं. रेडा होता शेजारच्या वाडीत. हे म्हणाले, सकाळी नेतो. सकाळी काशी निवांत रवंथ करत होती, आणि वाडीतल्या रेड्यानं तिला हुंगून तोंड फिरवलं.

म्हशीचा माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो. म्हणजे माझ्या न बोलण्यानं पुढचं वेत तीन आठवडे लांबलं. तीन आठवड्यांचा चारा फुकट, तीन आठवड्यांचं दूध गेलं. आत्यांना, माझ्या सासूबाईंना, हे कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “धार तू काढतीस, श्याण तू काढतीस. मग तिचं आलंगेलं तूच सांगायचं गं. दुसरं कोण सांगणार?”

आमच्या भागात गोठ्यातली बहुतेक कामं बायकाच करतात, पण डॉक्टरांचा नंबर पुरुषांच्या मोबाइलमध्ये असतो. सडाला जिचा हात लागतो तिला बदल सगळ्यांत आधी कळतो, आणि तिच्या तोंडून शब्द निघायला मात्र संध्याकाळ होते. माझी सून आज अंगणातून हाक मारते, “आत्या, मोरी माजावर आलीय, डॉक्टरांना फोन केलाय.” सोप्यात कोण बसलंय हे ती बघत नाही. मला तिचं फार कौतुक वाटतं.

२. म्हशीचा माज शोधावा लागतो.

गायीचं सोपं असतं. ती हंबरून गल्ली जागी करते, दुसऱ्या गायींवर उड्या मारते, काचेसारखा सोट लोंबताना लांबूनही दिसतो. माज होऊन गेल्यावर दोनेक दिवसांनी शेपटीला रक्ताचा डाग दिसला तर समजायचं, संधी हुकली. पण तारीख तरी हाती लागते.

म्हैस यातलं फारसं काही करत नाही. म्हशी एकमेकींवर क्वचितच चढतात. सोट कमी असतो आणि तो उभ्या म्हशीचा लोंबत नाही. बसली की पडतो आणि सकाळपर्यंत वाळून जातो. म्हणून आत्या पहाटे शेण भरायच्या आधी कंदील घेऊन प्रत्येक म्हशीच्या मागची जमीन न्याहाळायच्या. मला वाटायचं, त्या शेण बघतायत. त्या चिकट डाग शोधत होत्या. आणखी खुणा म्हणजे थोडं थोडं वारंवार मुतणं, शेपटी किंचित बाजूला धरणं, निरणावरच्या सुरकुत्या मोडून तिथं आलेली सूज, गव्हाणीत उरलेली वैरण. एकेकट्या खुणेवर विश्वास टाकू नये. दोन-तीन एकत्र आल्या की खरं मानावं. काही म्हशी ओरडतात, काही जन्मभर ओरडत नाहीत. ओरडणारीवरच लक्ष ठेवलं तर न ओरडणारी भाकड राहते आणि तिला वांझ म्हणून बाजारात नेतात. अशा दोन म्हशी मी स्वस्तात घेतल्या. दोन्ही पुढच्या हिवाळ्यात गाभण राहिल्या.

मी रात्री दहाला आणि पहाटे चारला गोठ्यात चक्कर मारते, कारण म्हशीचा माज बहुधा रात्रीच्या गारव्यात उठतो आणि ऊन चढलं की दबतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेखाली म्हशीच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवते. ‘मो’ लिहिलं की त्यापुढच्या अठराव्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत मोरीवर डोळा ठेवायचा.

३. म्हैस रात्र मोजते.

हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. आमच्याकडे एक समज होता, अजूनही आहे, की उन्हाळ्यात म्हशी माजावर येत नाहीत कारण हिरवा चारा नसतो. मीही तेच मानत होते. मग टेंभू योजनेचं पाणी आलं. बांधावर गिनीगोल, मका, वर्षभर हिरवं. वाटलं, आता चैत्र-वैशाखातही म्हशी फळतील. अंगानं म्हशी सुधारल्या, दूध वाढलं, पण उन्हाळ्यात पुन्हा त्याच मुक्या. दोन वर्षं चुकले कुठे ते शोधत होते. खनिज मिश्रण बदललं, पेंड वाढवली.

शेवटी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूत पीनियल नावाची एक बारीक ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते, उजाडलं की थांबते. रात्र लांबली की हा रस जास्त वेळ वाहतो, आणि म्हशीचं शरीर त्यावरून ओळखतं की आता फळायचे दिवस आले. आमच्या भागात ज्येष्ठातला दिवस तेरा तासांहून थोडा मोठा, मार्गशीर्षातला अकरा तासांहून थोडाच जास्त. उणापुरा दोन तासांचा फरक. आपल्याला स्वेटर काढताना सुद्धा तो जाणवत नाही, म्हशीला मात्र पुरतो. भाद्रपदात दिवस उतरू लागला की एकेक म्हैस जागी होते, आश्विन ते माघ भर असतो, फाल्गुनापासून ओसरतं. चारा, पाणी, ऊन यांनी हे कमीजास्त होतं, पण मूळ घड्याळ रात्रीचं आहे.

हिशेब केला तेव्हा मी चकित झाले. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते, म्हणजे दहा महिने दहा दिवस. तिथीनं मोजलं तर साडेदहा चांद्रमास. अधिक महिना नसलेल्या वर्षी कोजागरीला फळलेली म्हैस श्रावणी अमावास्येच्या, म्हणजे पोळ्याच्या सुमारास विते. रान हिरवं, ओढ्याला पाणी, डुंबायला जागा, रेडकाच्या आईला खायला भरपूर. वसुबारसेला दारात ताजी व्यालेली जनावरं असतात. पाडव्याला कोल्हापुरात शिंगं रंगवून म्हशी मिरवतात, तेव्हा त्यातल्या कितीतरी नुकत्या व्यालेल्या असतात. सण कुणी म्हशी बघून ठरवले असं मी म्हणणार नाही, पण हे सगळं एका पावसाला बांधलेलं आहे हे पटलं.

याची एक बाजू खिशाला लागते. सगळ्यांच्या म्हशी श्रावण ते कार्तिकात वितात, म्हणून हिवाळ्यात दूध मुबलक. लग्नसराईच्या उन्हाळ्यात मात्र दूध आटतं आणि मागणी वाढते. उन्हाळ्यात ताजं दूध हवं तर म्हैस माघ-फाल्गुनात व्यायला हवी, आणि त्यासाठी ती आधीच्या चैत्र-वैशाखात फळायला हवी, नेमकी तेव्हाच ती मुकी. मी सातही म्हशींच्या मागे लागत नाही. दोनच निवडते, ज्यांचा माज एरवी ठळक असतो, आणि त्यांच्यावर उन्हाळ्यात जास्तीचं लक्ष देते. एखाद्या वर्षी दोन्ही लागतात, एखाद्या वर्षी एकही नाही.

४. उन्हाळ्यात म्हशीला पाणी पाजणं पुरत नाही, ते अंगावर घालावं लागतं.

काळं कातडं, विरळ केस, घाम फारसा येत नाही. म्हणून ती डबकं शोधते. आमच्याकडे डबकं नव्हतंच, तेव्हा मी पाठीवर ओली पोती टाकायची आणि दिवसातून तीनदा पाण्यानं धुवायची. गोठ्याच्या पश्चिमेला लिंब आणि शेवगा लावले. ज्या वर्षी हे नीट केलं त्या वर्षी वैशाखातही एखादीचा माज दिसला. दुष्काळात छावणीत म्हशी होत्या त्या वर्षी एकही नाही.

५. तास चुकला तर माज दिसून उपयोग नाही.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम जुना आहे आणि खरा आहे, कारण बीजांड माज ओसरल्यावर साधारण दहा-बारा तासांनी सुटतं. घाई करून पहिल्या आरोळीला रेतन केलं तर रेत वाट बघून मरतं. आमच्या गल्लीत एकजण माज दिसताक्षणी डॉक्टरांना बोलवायचा आणि म्हैस उलटली की त्यांनाच बोल लावायचा.

पण रेतन करणाऱ्याचीही जबाबदारी असते. गोठवलेलं रेत द्रव नायट्रोजनात उणे १९६ अंशाला ठेवतात. कांडी बाहेर काढली की ३७ अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची. एकदा एका माणसानं माझ्यासमोर कांडी तळहातावर चोळली, मग फोनवर बोलत बसला. मी काही म्हटलं नाही. तीन वेळा ती म्हैस उलटली. त्यानंतर मी स्वतः कोमट पाण्याचं भांडं आणि तापमापी तयार ठेवते. कुणाला राग आला तर येऊ दे.

६. तपासल्याशिवाय गाभण म्हणायचं नाही.

चंदा नावाची म्हैस रेतनानंतर पुन्हा माजावर आली नाही. आम्ही धरून चाललो की लागली. पोटही मोठं दिसत होतं. आठव्या महिन्यात दूध आटवलं, जादा खुराक सुरू केला. दहावा सरला, अकरावा लागला. हात घालून तपासलं तेव्हा पिशवी रिकामी. रेतन फाल्गुनातलं होतं. त्यानंतर ती मुकी झाली होती ती ऋतूमुळे, गाभण राहिल्यामुळे नव्हे. पुढच्या हिवाळ्यात ती माजावर आलीही असेल, पण गाभण म्हैस म्हणून कुणी तिच्या मागची जमीन बघितली नाही. त्या वर्षी मुलाच्या शिक्षणाचे पैसे चंदाच्या दुधातून भरायचे ठरलं होतं. ते व्याजानं काढावे लागले.

माज न येणं म्हणजे गर्भ राहणं, हे गायीबाबत बऱ्याच वेळा खरं ठरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर भरवलेल्या म्हशीबाबत त्यावर विसंबू नये. दोन ते तीन महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावीच.

७. शेळीचा हंगाम माणसाच्या हातात बराचसा असतो.

उस्मानाबादी शेळी तीन-तीन आठवड्यांनी माजावर येते, माज एक-दोन दिवस टिकतो. वर्षभर येते, म्हणून लोक बोकड कळपातच सोडतात आणि जे होईल ते होऊ देतात. आम्हीही तेच करत होतो. शेळीचे दिवस पाच महिन्यांचे. फाल्गुनात फळलेल्या शेळ्या श्रावणात व्यायल्या. झड लागलेली, खुराड्यात ओल, करडं थरथरत आईला चिकटून. चौदातली नऊ गेली. कुणाला हगवण, कुणाला फुप्फुसाचा दाह. रात्री चूल पेटवून मी एकेकाला पोटाशी धरून बसले होते. सकाळी पोत्यात भरून नेताना आमच्या मालकांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. वाड्यातले आजोबा करडं बघून हळहळले. त्यांच्या एडक्यांच्या पोटाखाली फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, “आत्ता फळली तर चालत्या वाटंत व्यायंल. कोकरू कोण उचलणार?” त्यांना ज्या महिन्यात कोकरं हवीत, त्याच्या पाच महिने आधी फडकं सोडायचं. एवढं साधं उत्तर होतं.

मी त्याहून पुढे गेले. माघात बोकड दिरांच्या वस्तीवर नेऊन बांधला, शेळ्यांना दिसणार नाही आणि त्याचा वासही येणार नाही इतका लांब. अक्षय्य तृतीयेला परत आणला. त्याआधी पंधरा-वीस दिवस प्रत्येक शेळीला रोज पाव किलो मक्याचा भरडा घातला, जंतांचं औषध आधीच दिलं होतं. बोकड आला, मान ताणून वरचा ओठ उलटा करून हुंगत फिरला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून शेळ्या शेपट्या फडफडवत ओरडू लागल्या, आणि दहा-बारा दिवसांत बहुतेक सगळ्या फळून गेल्या. बरेच दिवस दूर राहिलेल्या बोकडाचा वास आणि त्याचं वागणं अचानक समोर आलं की शेळीच्या शरीरातलं चक्र सुरू होतं. शिंगांच्या मागे बोकडाच्या ग्रंथी असतात. ज्या वासानं पाव्हणे नाक दाबतात तो वास शेळीसाठी निरोप असतो. मेंढ्यांतही हे होतं, पण त्यांचा पहिला माज मुकाच जातो आणि दिसणारा माज त्यानंतर सुमारे १७ दिवसांनी येतो. धनगर आजोबांना ते ठाऊक होतं. “एडका सोडल्यावर पंधरा दिवस काय दिसत न्हाई, मग एकदम पीक येतंया,” असं ते म्हणायचे.

करडं आश्विनात आली, दसऱ्याच्या आगेमागे. पाऊस सरलेला, पाला हिरवा, ऊन कोवळं. थंडी पडेपर्यंत पोरांची अंगं धरली होती. एकवीस जन्मली, वीस जगली, आणि भरड्यामुळे जुळीही वाढली. तेव्हापासून आमच्याकडे करडांचे दोनच हंगाम. एक आश्विन-कार्तिकातला आणि दुसरा माघ-फाल्गुनातला, ज्यासाठी बोकड भाद्रपदाच्या शेवटी सोडायचा. दुसऱ्या हंगामाच्या माद्या उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवर निघतात.

जुळ्यांत खाण्याचा वाटा आहे तसा रक्ताचाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीमधला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. कळपात माद्या ठेवताना मी जुळ्यांची पाटच निवडते, आणि वर्षाची होऊन वीस-बावीस किलो भरल्याशिवाय तिच्याजवळ बोकड येऊ देत नाही.

८. बोकड कितीही आवडता असला तरी दोन वर्षांनी बदलायचा.

नाही तर तो आपल्याच लेकींना फळवतो. आमच्या राजाला मी पाच वर्षं ठेवला, माझ्या हातून बाटलीवर वाढला होता म्हणून. शेवटच्या दोन वर्षांत करडं लहान निपजली, एक वाकड्या जबड्याचं झालं. आता पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक, तोही बाहेरच्या कळपातला.

९. वार उघड्या हातानं उचलायची नाही.

एका वर्षी बाजारातून आणलेली म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. पाठोपाठ आमची घरची एक. दोन्हींची वार मीच उचलून पुरली, उघड्या हातांनी, सगळ्या बायका करतात तशी. रक्त तपासलं तेव्हा सांसर्गिक गर्भपाताचा रोग निघाला, ब्रुसेलोसिस. तो गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, पाण्यातून पसरतो, रेड्यामार्फतही येतो, आणि माणसालाही होतो. मला पुढे कित्येक महिने ताप यायचा नि सांधे धरायचे. गावातल्या डॉक्टरला मी म्हशींचं सांगितलंच नव्हतं, कारण तो रोग एकच असेल हे मला ठाऊक नव्हतं.

चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना याची लस एकदाच टोचतात. आपल्याकडे ती सरकारी दवाखान्यातर्फे मिळते. नवं जनावर महिनाभर वेगळं बांधावं, गाभडलेली वार चुना टाकून खोल पुरावी, हातमोजे नसले तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात, दूध उकळूनच प्यावं. माझ्या सुनेला मी हे पहिल्या आठवड्यात शिकवलं, भाकरीच्या आधी.

१०. माज थांबला तरी म्हैस घरातलीच असते.

काशीनं आमच्याकडे अकरा वेतं दिली. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, तिच्या नावाचं अक्षर कालनिर्णयवर पडलं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता आशा नाही. व्यापारी दोनदा येऊन गेला. घरात बोलणी झाली, पैशाची गरजही होती, मी ते नाकारत नाही. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “काशी कुठं बांधलीय?” मी म्हटलं, नेहमीच्या जागी, दाराच्या कडेला.

ती तिथंच राहिली आणखी तीन वर्षं. आणि एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. आश्विनातल्या रात्री दावणीतली एखादी म्हैस माजावर आली की आम्हाला कळायच्या आधी काशी उठून उभी राहायची, त्या म्हशीकडे तोंड करून. मी पहाटे चारला बॅटरी घेऊन गेले की आधी काशीकडे बघायची, ती कुठल्या बाजूला तोंड करून उभी आहे ते, आणि मग त्या म्हशीच्या मागची जमीन तपासायची.